बाळंतपण माहेरी, निर्णय सासरी

लातूरकडच्या एका कार्यालयातल्या तरुण कारकुनाने बायकोच्या बाळंतपणासाठी पंधरा दिवसांची रजा टाकली, आणि आमच्या ओळखीपाळखीत महिनाभर पुरेल एवढा वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं, "बाळंतीण ती, रजा याला कशाला? हा काय लेकराला पाजणार हाय?" त्यावर दुसऱ्या बाजूने परदेशातल्या रजांचे दाखले फेकले. मग पहिल्या बाजूने आजी काढली. तिसऱ्या दिवशी खुरपं घेऊन शेतात गेलेली ही आजी मराठवाड्यातल्या प्रत्येक घरात एक तरी असतेच. दुसऱ्या बाजूने लगेच सगळ्या जुन्या चालीरीतींना अडाणीपणा म्हणून निकालात काढलं. एवढ्या धुराळ्यात बाळंतिणीच्या अंगाचं, टाक्यांचं, झोपेचं नाव कुणी काढलं नाही.

रजा मिळावीच, पण तो या प्रश्नाचा शेवटचा भाग झाला असं माझं मत आहे. आपल्याकडे बाळंतिणीविषयीचे मोठे निर्णय नवऱ्याच्या शब्दावर अडतात आणि त्या निर्णयांना लागणारी माहिती मात्र त्याच्याकडे नसते, हे खरं दुखणं आहे. अधिकार आहे, ठाऊक काहीच नाही. अशा माणसाला पंधरा दिवस रजा दिली तर तो पंधरा दिवस ओट्यावर बसेल. उलट ज्याला कळतं, तो रजेवाचूनही बरंच करू शकतो.

आधी त्या आजीचं बघू. तिच्या कष्टांपुढे मान तुकवायलाच हवी. पण तिसऱ्या दिवशी शेतात जाऊन नव्वदीपर्यंत जगलेली आजीच आपल्याला गोष्ट सांगायला उरली, हे विसरून कसं चालेल? ज्या उरल्या नाहीत त्यांची गोष्ट कोण सांगणार? जुन्या घरांच्या वंशावळी काढून बघा. पणजोबांची पहिली बायको, मग दुसरी, कुठे तिसरीही. बिजवर हा शब्द आपल्या भाषेत इतका सवयीचा का होता? पहिली 'बाळंतपणात गेली' हे त्याचं एक नेहमीचं उत्तर. ताप आला, दातखीळ बसली, अंगावरून जायचं थांबेना, आणि घरातली माणसं म्हणाली, सटवाईने तेवढंच लिहिलं होतं. आजी टिकली हा तिचा चिवटपणा आणि थोडं नशीब. त्यावरून सगळ्याच बाया टिकतात असा नियम कसा काढता येईल?

आणि "आमच्या आयांची घरीच झाली" हा युक्तिवाद दवाखान्यातल्या बाळंतपणाविरुद्धही असाच चालायचा. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सुमारे ६५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास गेलं. पंधरा वर्षांत रीत बदलली आणि कुणाची संस्कृती बुडाली नाही. पण बदलली ती बाळ बाहेर येईपर्यंतची रीत. दवाखान्यातून सुट्टी मिळून बाळंतीण गाडीत बसली, की पुढचं सगळं पुन्हा जुन्याच खोलीत जातं. आईच्या जिवाला धोका मात्र त्या गाडीबरोबर संपत नाही. बाळंतपणाशी जोडलेल्या मृत्यूंचा मोठा भाग बाळ जन्मल्यानंतरच्या दिवसांतला आहे.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. तो माहेरचा, आणि मला तो पुष्कळसा मान्य आहे. पहिलं बाळंतपण माहेरी ही रीत बाईच्या सोयीसाठी टिकली. सासरी पदर सांभाळत, कुणाच्या चहाकडे लक्ष ठेवत पडून राहणं म्हणजे विश्रांती नव्हे. माहेरी ती उताणी पडू शकते, रडू शकते, "माय, टाके लई ठणकायलेत" असं म्हणू शकते. कितीतरी बायकांच्या आयुष्यात हक्काने निजायला मिळालेला सव्वा महिना तेवढाच. तो काढून घ्या असं मी कधीच म्हणणार नाही. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष घुटमळला तर तिलाच अवघडतं, हेही खरं.

पण या रीतीचा एक भाग कुणी मोजत नाही. बाई माहेरी जाते, तिच्याबद्दलचा निर्णय सासरीच राहतो. रात्री अकराला पोरीला थंडी वाजून ताप भरतो, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास येतोय. आईला कळतं की हे बरं लक्षण नाही. पण आई काय करते? ती फोन लावते. "जावईबापू, पोरीला ताप हाय, काय करावं?" आणि शंभर किलोमीटरवर अंथरुणात पडलेले जावईबापू म्हणतात, "बाळातिणीला येतोच की मामी ताप. सकाळी बघू." जावयाला न विचारता दवाखान्यात नेलं, उद्या खर्चावरून शब्द निघाला तर? सिझर झालेलं असेल, पहिलं बिल कुणी भरलं यावरून आधीच कुरबुर झालेली असेल, तर ही भीती दुप्पट. सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ साली माता मृत्यूंमागच्या तीन उशिरांची मांडणी केली. पहिला उशीर दवाखान्यात जायचं ठरवण्यातला, दुसरा पोहोचण्यातला, तिसरा पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. दुसऱ्यासाठी १०८ ची गाडी आली, तिसऱ्यासाठी संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई अशी मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. पहिला उशीर बहुतेक वेळा घरातल्या पुरुषाच्या तोंडून निघतो. बारशाला पेढ्यांचा खोका घेऊन येणारा, दारातूनच बाळाचा फोटो काढणारा हा माणूस, ठरवणारा मात्र तोच.

म्हणून म्हणते, त्याला ठाऊक असायला हवं. काय ठाऊक असायला हवं? पहिलं म्हणजे, बाळंतीण आजारी नसली तरी जखमी असते. वार सुटून येते तिथे गर्भपिशवीच्या आत तळहाताएवढी उघडी जखम राहते. एक किलोच्या आसपास वजनाची ती पिशवी आकसत सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येते. अंगावरून जाणं चार-सहा आठवडे चालतं. आधी लाल, मग फिकट. हे वाढण्याऐवजी ओसरत जायला हवं. तास-दोन तासांत कापड पूर्ण भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर सकाळची वाट बघायची नसते. थंडी वाजून ताप, घाण वास, टाक्यांतून पू हा जंतुसंसर्ग. डोकं फुटल्यासारखं दुखणं आणि डोळ्यांपुढे अंधारी हे रक्तदाबाचं लक्षण असू शकतं. गरोदरपणात दाब नीट होता म्हणून निर्धास्त राहता येत नाही, बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत तो उफाळू शकतो आणि झटके येऊ शकतात. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणं, अचानक दम लागणं, छातीत दुखणं, हेही थांबण्यासारखं नाही. यातलं काय अवघड आहे? सोयाबीनवर कुठली अळी पडली हे पानावरून ओळखणारा, मोटारीचा आवाज बदलला की बेअरिंग गेलं म्हणून सांगणारा आपला माणूस एवढं लक्षात ठेवू शकत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

आणि काही गोष्टी जिवावरच्या नसतात, पण रोजच्या असतात. खालच्या टाक्यांवर पाटावर बसता येत नाही. पहिल्यांदा शौचाला जायच्या भीतीने बाळंतीण जेवणच कमी करते. दर दोन-तीन तासांनी पाजायचं, मधल्या तासात दूध पाजलं का, ढेकर काढला का, लंगोट बदलला का, असं विचारणाऱ्या पाहुण्यांकडे बघून हसायचं. दवाखान्यातून दिलेल्या रक्तवाढीच्या लाल गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात. महाराष्ट्रात निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी आहे, म्हणजे गोळ्या शोभेला दिलेल्या नाहीत. पण शौचाला काळं आणि घट्ट होतं म्हणून या गोळ्या आठवडाभरात बंद पडतात आणि पाकीट सुट्टीच्या कागदासकट पिशवीत गुंडाळून कपाटावर जातं. तो सुट्टीचा कागद किती नवऱ्यांनी वाचलेला असतो?

चालीरीतींच्या भांडणात मला दोन्ही पक्ष अर्धे बरोबर वाटतात. सव्वा महिना आराम, तेलाने अंग चोळणं, डिंकाचे आणि हाळिवाचे लाडू, खारीक-खोबरं, गरम ताजं जेवण, यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. पण त्याच खोलीत पाणी प्यायला मोजून देतात, पोट सुटेल म्हणून. पाजणाऱ्या बाईला तहान इतरांपेक्षा जास्त लागते, आणि पाणी कमी पडलं की बद्धकोष्ठता वाढते, लघवीची जळजळ होते. बंद खोलीत बाजेखाली शेगडी आणि धुरी, त्यात चार दिवसांचं बाळ. फळं थंड म्हणून नकोत, पालेभाजी बाळाला बाधते म्हणून नको. पहिला चीक काही घरांत अजून काढून टाकतात. हे कुणी थांबवायचं? सून बोलली तर "दोन बुकं शिकली अन् आम्हाला शिकवती." डॉक्टरचं म्हणणं दवाखान्याच्या दारापर्यंत. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, पण तिलाही ओसरीवर आजीच भेटते. घरात एकच माणूस असा असतो की ज्याचं बोलणं ती म्हातारी हसत हसत ऐकून घेते, तो म्हणजे तिचा मुलगा. "आई, तांब्या तिच्या उशाशी राहू दे, मी विचारून आलोय" हे वाक्य त्याने म्हणावं. आईच्या विरोधात जायची गरज नाही, लाडवांचं कौतुक करून शेगडी बाहेर काढता येते. दुसऱ्या-तिसऱ्या बाळंतपणाला तर बहुतेक बाया सासरीच असतात, तिथे माहेरची सबबही उरत नाही.

पुरुषाने यात पडू नये हीच आपली परंपरा, असंही सांगतात. कुणाची परंपरा? जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात फसवल्या गेलेल्या विधवांच्या सुखरूप बाळंतपणासाठी घर उघडलं, त्याची जाहिरात भिंतींवर लावली, आणि सावित्रीबाईंनी त्या बायकांचं केलं. त्यातल्याच एकीचा मुलगा त्यांनी पुढे दत्तक घेतला. एवढं लांब नको असेल तर बीडच्या वेशीवरचं जामखेड बघा. १९७० मध्ये आरोळे या डॉक्टर दांपत्याने तिथे काम सुरू केलं, तेव्हा गावोगावी शेतकरी मंडळं बांधून पुरुषांनाही आरोग्याच्या कामात ओढलं. अक्षरओळख नसलेल्या बायका बाळंतपणाची जोखीम ओळखायला शिकल्या. दुष्काळी पट्ट्यातल्या माणसांना हे शिकवता येतं, हे तिथे सिद्ध झालेलं आहे.

मनाचं बोलायचं तर आपण फारच कच्चे. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येणं, चिडणं हे पुष्कळ जणींना होतं. वार पडल्यावर संप्रेरकं झपाट्याने खाली येतात, त्यात झोप नाही. दोन आठवड्यांत ते ओसरतं. ओसरलं नाही, बाळाकडे बघावंसं वाटेना, जीव नकोसा झाला, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. "नखरे", "बाहेरचं काहीतरी" ही त्याची नावं नाहीत. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे २३ टक्के आयांमध्ये असं नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि मुलगी होणं या गोष्टी त्याच्याशी जोडलेल्या निघाल्या. शेवटची गोष्ट मराठवाड्याने दोनदा वाचावी. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. दुसरी मुलगी झाल्यावर लाडवातला डिंक कमी होतो, बघायला येणाऱ्यांचा पाय जड होतो, आणि नवरा "कामं लई हायत" म्हणून पंधरा दिवस फिरकत नाही. ती बाज धरून पडलेली बाई हे सगळं मोजत असते. अशा वेळी नवऱ्याने पहिल्याच दिवशी येऊन लेक मांडीवर घेतली तर कुठल्याही टॉनिकपेक्षा जास्त काम होतं. याला रजा लागत नाही, एस.टी.चं तिकीट लागतं.

मग ती सासरी परतते, आणि इथे खरी परीक्षा. परतल्याच्या दुसऱ्या दिवशी हंडा तिची वाट बघत असतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलेल्या लातूरच्या मुलखात पाणी भरणं म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. महाराष्ट्रात आज चारातली एक बाई सिझरने बाळंत होते. पोटाचे सात थर कापून शिवलेल्या बाईने निदान सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये असं सांगतात. साध्या बाळंतपणातही ओटीपोटाचे स्नायू सैल पडलेले असतात. त्यावर भरला हंडा, ओल्या धुण्याची बादली, सरपणाचा भारा आला की पुढे अंग बाहेर येणं, खोकलं की लघवी सुटणं, कायमची कंबरदुखी. बाया हे वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये छापून आला, तेव्हा ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले होते. आणि आपल्याकडे? बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दोष डॉक्टरांना द्यावा, मजूर नेणाऱ्या मुकादमालाही द्यावा. पण पिशवी काढायची वेळ येईपर्यंतच्या दुखण्याची सुरुवात अनेकदा त्या न भरलेल्या सव्वा महिन्यात झालेली असते, असं मला वाटतं. गावात चारचौघांत पुरुषाने डोक्यावर हंडा घेतला तर लोक हसतात. हसू द्या. सायकलला दोन कॅन अडकवून आणले तर हसतही नाहीत.

राहिली ती कुणी न बोलायची गोष्ट. ती तयार होईपर्यंत नवऱ्याने थांबायचं, सर्वसाधारणपणे सहा आठवडे तरी. आणि पाळी आलेली नाही म्हणजे दिवस राहत नाहीत, ही समजूत सोडायची. पाळी येण्याआधीही दिवस राहतात. दोन बाळंतपणांत अंतर ठेवायचं तर कॉपर-टी, इंजेक्शन, निरोध, सगळं सरकारी दवाखान्यात मिळतं. कुटुंब पूर्ण झालं असेल तर? महाराष्ट्रातल्या जवळजवळ निम्म्या विवाहित बायकांची नसबंदी झालेली आहे, पुरुषांची अर्धा टक्काही नाही. पुरुषाची शस्त्रक्रिया लहान, पोट उघडावं लागत नाही, त्याच दिवशी घरी. तरी टाके पडलेल्या बाईच्याच पोटावर आणखी एक छेद. पुरुष कधीच तयार नव्हते असंही नाही. साठीच्या दशकात देशात पुरुषांच्याच नसबंद्या जास्त होत होत्या. मग आणीबाणी आली. नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री असताना १९७६ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं, ते राष्ट्रपतींच्या संमतीअभावी अडलं. पण धाक बसायचा तो बसला. तेव्हाची भीती समजू शकते. आज ती कुणावर जबरदस्ती नसताना किती दिवस पुरवून वापरायची?

आता रजा. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती होऊन आईची रजा २६ आठवडे झाली, बापाचं नाव त्यात आलं नाही. त्याच वर्षी हिंगोलीचे खासदार राजीव सातव यांनी लोकसभेत पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं. पंधरा दिवस, वाढवून तीन महिन्यांपर्यंत, आणि असंघटित कामगारांनाही. मराठवाड्याच्या खासदाराने हे मांडलं होतं, हे रजेवर हसणाऱ्या आमच्या मंडळींना ठाऊक नाही. विधेयकाचं पुढे काही झालं नाही, सातव २०२१ मध्ये गेले.

"रजा हे पगारदारांचं कौतुक, हातावर पोट असणाऱ्याने काय करावं?" या आक्षेपाला मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. दसरा-दिवाळी झाली की बीड, धारूर, पाटोद्याकडून ऊसतोडीला माणसं गाड्या भरून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे, दोघांच्या नावावर. ती बाळंत झाली की कोयता अर्धा होतो, एका दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीची कपात, अंगावर बसतो. माहेर नाही, आई नाही, उसाच्या फडाच्या कडेला कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी. तिथला नवरा बायकोजवळ थांबला तर उचल फिटत नाही, आणि न थांबला तर ती आठव्या दिवशी मोळ्या बांधायला उभी राहते. या माणसाला माहिती देऊन भागत नाही, त्याला खाड्यातून सूट लागते. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, कारखाने आहेत, करार आहेत. बाळंतपणाच्या सव्वा महिन्यात कोयता अर्धा धरू नये, आणि नवऱ्याचे निदान पंधरा दिवस खाड्यात लावू नयेत, हे कलम त्या करारात बसवायला कारखान्यांना किती टन उसाचा भाव पडेल? वाद घालायचाच असेल तर या हिशोबावर घालू या.